लाजऱ्या गाड्या

१

चढावर भरारी पथकाने शाळेची व्हॅन अडवली, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने दप्तर नाकावर धरलं होतं. तिच्यामागे रस्ता दिसत नव्हता, इतका काळा धूर होता.

पथकाने धुराच्या नळीला यंत्र लावलं. आकडा इतका वर गेला की यंत्रच बिघडलं असेल म्हणून त्यांनी दुसरं लावून पाहिलं. तेही तेच म्हणालं. काचेवरचा तपासणीत पास झाल्याचा बिल्ला मात्र त्याच सकाळचा होता.

आठवडाभरात त्याच मालकाच्या आणखी व्हॅन अशाच सापडल्या. सगळ्या एकाच तपासणी केंद्रात, एकाच लाइनवर, एकाच तपासनीस बाईंच्या हातून पास झालेल्या. खात्याला एवढं पुरे होतं. बाईंचं काम थांबवलं गेलं. सोमवारी सुनावणी, आणि तिथे परवाना कायमचा रद्द. त्याआधी कुणीतरी चौकशी केली असं दिसायला हवं, म्हणून ती फाइल 'सावकाश' साहेबांच्या टेबलावर आली.

निवृत्तीला टेकलेल्या या अधिकाऱ्याला खात्यात मागून सगळे 'सावकाश' म्हणत. कुणी घाई केली की "सावकाश होऊ द्या" म्हणायची त्यांना सवय होती. हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि त्यात काही चुकीचं आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"यात तपास असा काही नाहीच," वरिष्ठ म्हणाले. "बाईंनी हात ओले करून घेतले. तुम्ही फक्त चार ओळी लिहा. तुम्हाला झेपेल असंच दिलंय."

ते 'झेपेल असंच' साहेबांच्या बरोबर जिना उतरलं आणि केंद्रापर्यंत बसमध्ये शेजारी बसून आलं.

२

केंद्र म्हणजे पत्र्याची लांब शेड. मधोमध भिंत, भिंतीच्या दोन बाजूंना दोन लाइनी. दोन्हीकडे एकसारखीच यंत्रं. एका लाइनवरून दुसरी दिसत नसे. मॅनेजरची केबिन तेवढी माळ्यावर होती, आणि तिच्या काचेतून दोन्ही दिसत.

तपासनीस बाई पहिल्या लाइनच्या कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. केंद्रात सगळे त्यांना ताई म्हणत. काम बंद असलं तरी त्यांनी कामाचाच कोट घातला होता. उजव्या बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत ऑइलचा जुना डाग होता, धुऊन धुऊन तपकिरी झालेला.

"तुम्ही पैसे घेतलेत का?" साहेबांनी जमिनीकडे बघत विचारलं. असले प्रश्न विचारायची त्यांनाच चोरी वाटे.

"नाही."

"मग गाड्या पास कशा झाल्या?"

"धूर नव्हता म्हणून."

"रस्त्यावर तर—"

"रस्त्यावर मी नव्हते, साहेब. इथे होते. इथे नव्हता."

साहेब गप्प राहिले. गप्प राहिलं की माणसं बोलतात, एवढं एक तंत्र त्यांना येत होतं. खरं तर ते तंत्र नव्हतं. पुढचा प्रश्न सुचायला त्यांना वेळ लागे.

"एक सांगते," ताई म्हणाल्या. "त्या गाड्या मला कधी आवडल्या नाहीत. पेडल दाबलं की इंजिन कसं उसळतं, तशी ती इंजिनं उसळायची नाहीत. झोपेतून उठवल्यासारखी आळस देत वर जायची. पण मरगळ मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. धुराचं आहे, आणि त्यात त्या पास."

"परवाना गेला तर काय कराल?"

ताईंनी कोटाच्या बाहीकडे पाहिलं. "मला हे एवढंच येतं. मास्तरांच्या वर्गात मी एकटीच बाई होते. ते म्हणाले, 'हात काळे करायला लाजलीस तर घरी जा.' नाही लाजले. आता लोक म्हणणार, हात काळेच होते."

मास्तर म्हटल्यावर साहेबांनी मान वर केली. तपासनीसांना शिकवणारे ते मास्तर. निम्मं खातं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. साहेबही.

एवढ्यात मॅनेजर जिना उतरून आले. बोलणं ऐकूनच आले असावेत.

"ताईंनी तुम्हाला ती रजेची गोष्ट सांगितली का?" त्यांनी विचारलं. "मागे एकदा या रजेवर होत्या. यातलीच एक व्हॅन दुसऱ्या लाइनवर गेली आणि धडधडीत फेल झाली. दुसऱ्या दिवशी या आल्या. तीच व्हॅन, काही दुरुस्ती नाही, यांच्याकडे पास. आता बोला."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. त्या स्टुलावरून उठून यंत्राची नळी गुंडाळायला लागल्या.

३

दुसऱ्या लाइनवरचा तपासनीस मॅनेजरच्या बायकोचा भाऊ. त्यामुळे गिऱ्हाइकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचाच तो मेहुणा. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, खिशाला दोन पेनं. यंत्राची नळी गाडीच्या मागे खोचून तो खुर्चीत बसून राही आणि चालकाला तिथूनच ओरडून सांगे, "दाबा. सोडा. दाबा."

"माझ्याकडे वशिला चालत नाही," तो म्हणाला. "फेल म्हणजे फेल."

"ताई पैसे घेतात असं तुम्हाला वाटतं?"

"मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. पण गाडी तीच, यंत्र तसंच. मग फरक कशाचा? माणसाचा."

साहेबांनाही हे पटल्यासारखं झालं. त्यांना कुणाचंही म्हणणं चटकन पटे. बायको म्हणे, तुम्ही न्यायाधीश झाला असता तर दोन्ही पक्ष जिंकले असते.

केंद्रासमोरच्या गॅरेजात गाड्यांना लॅपटॉप जोडून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून देणारा एक तरुण बसे. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. साहेब रस्ता ओलांडून आले, तेव्हा त्याने आधीच दुसरं स्टूल पुसून ठेवलं होतं.

"मीच पहिला संशयित असणार," तो हसला. "या, बसा. मी पोरांच्या गाड्यांना पिकअप वाढवून देतो, हे कबूल. त्या व्हॅनला मी हात लावलेला नाही."

"सॉफ्टवेअर बदलून गाडी तपासणीत फसवता येते का?"

"का नाही? इंजिन कॉम्प्युटरच चालवतो. तपासणी चालू आहे हे त्याला कसंही करून कळलं पाहिजे, मग तो शहाण्यासारखा वागतो. डिझेल कमी सोडायचं, धूर कमी. तपासणी संपली की पुन्हा मोकाट."

"त्याला कळणार कसं?"

"ते ज्याने केलं त्याला विचारा." डॉक्टरने समोरच्या शेडकडे हनुवटी केली. "मी दिवसभर इथून दोन्ही लाइनी बघतो, साहेब. करमणूकच आहे. ताई प्रत्येक गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणार. मेहुण्यांनी बॉनेट उघडलेलं मात्र अजून कुणी पाहिलं नाही. शर्ट खराब होईल ना! आमची पैज लागलीय. ज्या दिवशी उघडतील त्या दिवशी सगळ्यांना चहा माझा."

चढावर अडवलेल्या त्या व्हॅनचे चालक बाहेर सावलीत उभे होते. मुलं त्यांना काका म्हणत, म्हणून आता म्हातारी माणसंही म्हणत. त्यांना चौकशीची भीती वाटत नव्हती. कंटाळा येत होता.

"गाडी कशी चालते?"

"घोड्यासारखी. पूर्वी महिन्यातून एकदा तरी रस्त्यात बसायची, आता बसत नाही. फक्त लाजरी आहे."

"म्हणजे?"

"मागे पट्टा कुरकुरत होता म्हणून बॉनेट उघडून रेस केली, तर इंजिन ओढेचना. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावलेल्या पोरासारखं तोंडातल्या तोंडात. बॉनेट आपटलं, निघालो, तर पुन्हा ठणठणीत. आपण बघायला गेलं की दुखणं पळतं. माझ्या गुडघ्याचं तसंच आहे, दवाखान्यात गेलं की दुखतच नाही."

साहेबांनी मान डोलावली आणि गुडघ्याबद्दल विचारलं. दहाएक पावलं पुढे गेल्यावर ते थांबले. आत्ता काहीतरी ऐकलं होतं. काय, ते हाताला लागत नव्हतं. आणि व्हॅनचे मालक त्यांची वाट बघत होते.

४

मालकाचं ऑफिस घराच्या खालीच होतं. फोन सारखा वाजत होता आणि मालक तो उलटा करून ठेवत होते.

"साहेब, मी पैसे चारले असते तर एवढी वणवण केली असती? अहो, शाळेच्या फेऱ्या छोट्या. इंजिन तापेपर्यंत शाळा येते. धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, ती तापल्याशिवाय साफ होत नाही. ती बुजायची, गाडी बसायची. एकदा तर रेल्वेच्या फाटकात बसली, रुळांवर. आत मुलं." ते थांबले. "काकांनी आणि फाटकवाल्याने ढकलली. त्यानंतर माझी बायको महिनाभर धड जेवली नाही."

"आता बसत नाहीत म्हणे."

"आता जरा..." मालकांनी पुन्हा फोन उलटा केला. "बघितलं कुणीतरी."

"कुणी?"

उत्तराच्या आधी आतून काठीचा आवाज आला, आणि पाठोपाठ मास्तर आले. साहेब इतके घाईने उभे राहिले की खुर्ची मागे पडली.

"बस रे, बस," मास्तर म्हणाले. "अजून तसाच आहेस. हे माझे जावई. मुलीकडेच असतो मी आता."

मालकांनी मास्तरांच्या पाठीमागून साहेबांना हात जोडले. सुनावणीचं इथे बोलू नका, असा त्याचा अर्थ होता. साहेबांना ते जमण्यासारखं होतं. न बोलणं त्यांना नेहमीच जमे.

मास्तरांची खोली मागे होती. टेबलावर इंजिनांचे कॉम्प्युटर, झाकणं काढलेले, भाजी निवडायला घ्यावी तसे पसरलेले. मास्तरांनी स्वतः चहा ओतला. एक थेंब सांडला नाही.

"तपासणी केंद्रातली ती माझी विद्यार्थिनी कशी आहे?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांत चांगली होती. तिने पास म्हटलं की पास."

"अजून तुम्ही शिकवलं तसंच करतात."

"करणारच. आधी बॉनेट. मग ऑइल मोजायची डिपस्टिक काढून तिच्या जागी तापमानाची दांडी. ऑइल तापल्याशिवाय पेडलला पाय नाही. थंड इंजिनाचा धूर मोजणं म्हणजे झोपलेल्या माणसाची परीक्षा घेणं. सगळ्या केंद्रांत, सगळ्या लाइनींवर हेच."

"सगळ्या?"

"नियम आहे. मसुदा माझा."

"निवृत्त झाल्यावर कधी केंद्रात गेलात, मास्तर?"

"कशाला?" मास्तर हसले. "माझीच मुलं आहेत तिथे. मी मागे उभा राहिलो तर त्यांना वाटेल, माझा विश्वास नाही."

साहेबांनी चहा संपवला. उठताना त्यांची नजर पुन्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरांवर गेली.

५

शनिवारी केंद्र बंद असतं. साहेबांनी मॅनेजरना ते उघडायला लावलं आणि काकांना व्हॅन आणायला सांगितली. 'तुमच्या देखरेखीखाली' असं मॅनेजरकडून दोनदा वदवून घेऊन ताईंना कामाला लावलं.

पहिल्या लाइनवर, ताई. गाडी पास.

दुसऱ्या लाइनवर, मेहुणे. गाडी फेल. शेडचा पत्रा काळा दिसायला लागला.

"यंत्रात फरक असेल," साहेब म्हणाले. "ताई, तुम्ही या यंत्रावर करा."

ताई दुसऱ्या लाइनवर आल्या. त्यांनी तपासणी केली. पास.

मॅनेजरनी सुस्कारा सोडला. त्यात थोडं वाईट वाटणंही होतं. "म्हणजे शेवटी बाईच, साहेब. जागा बदलली, यंत्र बदललं. फरक माणसाचाच."

ताईंनी हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलं, जणू ते पुन्हा लागणार नव्हतं. तो फडक्याचा चौकोन साहेबांना बघवेना. त्यांनी मान वळवली, आणि समोर व्हॅन होती. ताईंच्या हातची, म्हणून बॉनेट अजून आ वासलेलं.

लाजरी आहे, काका म्हणाले होते.

साहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला. बायकोने इस्त्री केलेला. तो धुराच्या नळीला बांधला आणि काकांना म्हणाले, "दाबा." इंजिन आळोखेपिळोखे देत वर गेलं. रुमाल पांढराच राहिला.

मग ते पुढे आले. बॉनेट बंद झालं की दाबलं जातं असं एक छोटं बटण इंजिनाच्या कडेला असतं. बॉनेट उघडं की बंद, हे त्यावरून कॉम्प्युटरला कळतं. साहेबांनी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. बॉनेट उघडंच होतं. गाडीच्या लेखी ते आता बंद झालं.

"दाबा."

व्हॅन डरकाळी फोडून उसळली. मेहुणे खुर्चीतून उठले. मागे रुमालाची फक्त गाठ पांढरी राहिली होती.

६

त्यांनी सगळ्यांना केंद्राच्या प्रतीक्षा खोलीत बोलावलं. मालक आले, डॉक्टर आला. मास्तरांना मात्र साहेब स्वतः रिक्षाने घेऊन आले. रस्ताभर दोघं हवेबद्दल बोलले.

चार माणसांसमोर बोलायचं म्हणजे साहेबांच्या तोंडाला कोरड पडे. त्यांनी सुरुवात केली तीही भिंतीकडे बघून.

"गाडी तपासणी ओळखते ती बॉनेटवरून. बॉनेट उघडं आणि इंजिन चालू, की ती शहाणी होते. आता, माझं चुकत असेल, पण... ताई यात असत्या तर एवढ्या खटपटीची गरजच काय होती? लाच घेणारा माणूस नुसतं पास म्हणतो. त्याला सॉफ्टवेअर कशाला लागेल?"

ताईंनी पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकली.

"मग ज्याला सॉफ्टवेअर येतं तो. पण डॉक्टर रोज समोरून बघतात. दुसऱ्या लाइनवर बॉनेट उघडत नाही हे त्यांना ठाऊक, त्यावर त्यांची पैज आहे. ते फसवणूक बॉनेटवर कशी टांगतील? निम्म्या वेळा पकडले जातील. मॅनेजरना दोन्ही लाइनी दिसतात, मेहुण्यांना स्वतःचा शर्ट माहीत आहे. त्यांचंही तेच."

"शर्टाचा काय संबंध," मेहुणे पुटपुटले.

"ज्याने हे केलं," साहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज आणखी उतरला, "त्याला वाटत होतं की प्रत्येक लाइनवर, प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडतं. नियमात आहे म्हणजे होतंच. इथे रोज येणाऱ्या कुणालाही असं वाटलं नसतं. असं वाटायला माणूस फार दिवसांत इथे आलेला नसला पाहिजे. आणि नियमावर त्याचा फार विश्वास पाहिजे."

साहेबांना पुढचं वाक्य येत होतं. ते म्हणायची वेळ आली नाही.

"ही इथे का बसलीय?" मास्तरांनी विचारलं. ते ताईंकडे बघत होते. "लाइन सोडून इथे का?"

"काम थांबवलंय माझं, मास्तर. सोमवारी परवाना जाणार."

"कशावरून?"

"त्या व्हॅन मी पास केल्या म्हणून."

मास्तरांनी जावयाकडे पाहिलं. जावई खाली बघत होते. मग मास्तरांनी काठी दोन्ही हातांनी धरली, उठण्यासाठी नव्हे, नुसतीच.

"मी केलं," ते म्हणाले. "जाळ्या मी काढल्या. गाडी रुळांवर बसली तेव्हा माझी मुलगी... ते जाऊ दे. जाळी काढली की तपासणीत फेल. फेल झाली की पुन्हा जाळी, पुन्हा फाटक. तेव्हा मला एवढंच दिसत होतं. म्हणून कॉम्प्युटरला बॉनेट ओळखायला शिकवलं, ते यांनाही सांगितलं नव्हतं. जाळ्या काढल्या एवढंच यांना ठाऊक."

"मागच्या बाकावर मुलं दप्तरं नाकाला धरून बसतात, मास्तर," साहेब म्हणाले.

"मागे बसून कधी गेलो नाही मी." मग म्हणाले, "बॉनेट सगळे उघडत असतील असं वाटलं. सगळीकडे पास झाल्या असत्या, कुणा एकावर आलं नसतं."

"मी उघडत होते, मास्तर," ताई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात हजेरी दिल्यासारखं ते वाक्य होतं. मास्तरांनी मान हलवली आणि ती खालीच ठेवली.

७

सोमवारी परवाना परत मिळाला. मास्तरांनी जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, एकही खाडाखोड नव्हती. व्हॅन जप्त झाल्या. मालक आता भाड्याच्या बसमधून मुलं नेतात. वरिष्ठ साहेबांना म्हणाले, "लवकर उरकलंत की!" साहेब थँक्यू म्हणाले.

संध्याकाळी बसला वेळ होता. ते केंद्राच्या फाटकापाशी टेकले. दुसऱ्या लाइनवर मेहुणे बाह्या दुमडून बॉनेटची कडी शोधत होते, आणि रस्त्यापलीकडे डॉक्टर चहाची ऑर्डर देत होता.

पहिल्या लाइनवर एक साधी, जुनी गाडी होती. ताईंनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक पुसून बाजूला ठेवली, तापमानाची दांडी आत सोडली, ऑइल तापायची वाट पाहिली. "दाबा," म्हणाल्या. आकडा बरोबर आला. गाडी पास होती.

चालकाने गियरला हात घातला. "थांबा," ताई म्हणाल्या. त्या वाकल्या, इंजिनाच्या कडेचं ते छोटं बटण चाचपून शोधलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला.

"आता परत दाबा."

हे नियमात नव्हतं. मास्तरांनी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांदाही धूर आला नाही, आणि अंगठा उचलायच्या आधी ताई उगाच आणखी थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या.

साहेबांची बस आली तेव्हा पुढची गाडी लाइनवर आली होती, आणि ताई पुन्हा बॉनेट उघडत होत्या.